नऊ शेळ्या आणि एक शनी

१ ऑक्टोबर, बुधवार

आजपासून रोजनिशी लिहायची. मी सोडून कोणी वाचायची नाही.

संध्याकाळी गावसभा झाली. अध्यक्षीणबाई सेन्योरा ग्रिसेल्दा यांनी सांगितलं की कुठल्याशा योजनेतून आपल्या लास पेर्दिसेस गावाला टेलिस्कोप मिळालाय. अजून कायमचा नाही. २२ नोव्हेंबरच्या शनिवारी गावात शनी ग्रहावर कार्यक्रम करायचा, निदान चाळीस माणसांच्या सह्या घ्यायच्या. तेवढी जमली नाहीत तर टेलिस्कोप खालच्या पुएंते व्हिएहोला जाणार. आधीच बसचा शेवटचा स्टॉप त्यांनी पळवलाय.

मग त्यांनी विचारलं, भाषण कोण करणार? सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मी उठलो.

खरं म्हणजे खिडकी लावायला उठलो होतो. पण टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्यावर खिडकीकडे जाणं बरं दिसत नाही.

विचार केला तर दुसरं कोण आहे? घरी माझ्याकडे विश्वकोशाचा एक खंड आहे. ‘सार्डीन’ माशापासून ‘सूप’पर्यंत. माझ्या लहानपणी एक विक्रेता नमुन्यादाखल ठेवून गेला तो परत आलाच नाही. स अक्षराच्या बाबतीत या खोऱ्यात माझा हात धरणारा कोणी नाही. शनी आमच्या भाषेत स-मध्येच येतो.

ओर्तेन्सियाला सांगितलं. म्हणाली, “म्हाताऱ्या, तू तर चंद्र उगवला तरी ‘कोणाचा दिवा राहिला’ म्हणतोस.” पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याची झेप दिसेनाशी होते, असं माझं निरीक्षण आहे.

निश्चय: रोज सकाळी सहाला उठून एक तास शनी.

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ९.४०

सहाला उठणार होतो. पण शनी सध्या संध्याकाळी दिसतो, सकाळी नाही. तेव्हा सकाळी उठण्याला शास्त्रीय आधार नाही.

खंडातलं शनीचं पान वाचलं. एकच पान आहे, त्यावर कॉफीचा डाग. डागाखाली काय आहे ते अनुमानाने भरून काढलं.

टिपणं: शनी वायूचा आहे. उतरायला जमीनच नाही. पृथ्वीसारखे साडेसातशेच्या वर गोळे त्यात मावतील. दिवस साडेदहा तासांचा. वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचं. म्हणजे शनीवर मी आत्ता बरोबर दोन वर्षांचा असतो. ओर्तेन्सियाला सांगितलं. म्हणाली, वाटतोसच.

चंद्र नऊ.

७ ऑक्टोबर, मंगळवार

विषयाशी एकरूप व्हायचं म्हणून शनीच्या दिवसाप्रमाणे जगायला सुरुवात केली. साडेदहा तासांत एक दिवस-रात्र बसवायची, म्हणजे दुपारच्या जेवणानंतर रात्र होते. झोपलो. उठलो तेव्हा पृथ्वीवर संध्याकाळचे सात वाजले होते आणि ओर्तेन्सिया एकटीच चहा-पाव खाऊन उठली होती.

प्रयोग यशस्वी. पुन्हा करणार नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नऊ चंद्रांची नावं पाठ होत नाहीत. मिमास, एन्सेलेडस, टेथिस, डायोनी, ऱ्हीया, टायटन, हायपेरियन, आयापेटस, फीबी. मिमासनंतर थेट टायटन येतो आणि मधले चौघं कुठे जातात कळत नाही.

तोडगा सुचला. माझे कोंपादरे निबाल्दो (त्यांच्या मुलीचा मी धर्मपिता) शेळ्या पाळतात, चीज करून विकतात. त्यांच्या नऊ शेळ्यांना नऊ चंद्रांची नावं द्यायची. रोज संध्याकाळी शेळ्या घरी येताना बघायच्या, आपोआप पाठ होईल. कोंपादरे म्हणाले, “शेळ्यांना विचारून घ्या.” पण हरकत घेतली नाही.

सगळ्यांत मोठी ती टायटन. अर्धी काळी अर्धी पांढरी ती आयापेटस, कारण तो चंद्रही एका बाजूने काळा आणि दुसऱ्या बाजूने पांढरा आहे. जी सगळ्या कळपाच्या उलट दिशेला जाते ती फीबी, तो चंद्रही उलटा फिरतो. एन्सेलेडसमधून पाण्याचे फवारे उडतात असं गावच्या शाळेतल्या यास्नाबाईंनी सांगितलं. तशी एक शेळी होती. उभ्या जागी कुठेही. तिच्यावर वाद झाला नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

टेलिस्कोप आला. शाळेच्या अंगणात यास्नाबाईंनी जोडला. त्या म्हणाल्या, रोज संध्याकाळी येऊन बघत चला, सवय होईल.

आजच बघितलं. यास्नाबाई वह्या तपासायला आत गेल्या होत्या. मीच नळी फिरवली. पूर्वेच्या डोंगरावर शनी चटकन सापडला. लाल दिसला. लुकलुकत होता, दर दोन सेकंदांनी, अगदी नियमित. खंडात याचा उल्लेख नाही. नवीन शोध असण्याची शक्यता नाकारता येत नाही. घरी येऊन त्याचं चित्र काढलं, खाली तारीख आणि सही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तो मोबाईलचा टॉवर होता.

यास्नाबाई हसल्या नाहीत, हे त्यांच्या संस्काराला शोभून दिसलं. निबाल्दो हसले. माझ्या मते बघण्याचं काम तंत्रज्ञांचं आहे. विचारवंताने टेलिस्कोपला डोळा लावायची गरज नसते. आता त्याला हात लावणार नाही, तत्त्व म्हणून.

१८ ऑक्टोबर, शनिवार

भाषण तेहतीस पानं झालं. त्यातली अकरा नुसत्या कड्यांवर. पानं चौदा ते एकोणीस सार्डीनवर गेलीत, कारण खंडात ती आधी येते आणि माहिती फुकट घालवणं माझ्या स्वभावात नाही.

यास्नाबाई रस्त्यात भेटल्या. “डॉन एवारिस्तो, या वर्षी कड्यांचं जरा वेगळं आहे, आपण एकदा बसून—” म्हणाल्या. मी म्हणालो, बाई, कड्यांवर माझी अकरा पानं आहेत. त्या ‘बरं’ म्हणून निघाल्या. तरुण लोकांना आकड्यांचा धाक वाटतो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

शनी पाण्यापेक्षा हलका आहे. एवढी मोठी बादली मिळाली तर त्यात तरंगेल. लोकांना हे डोळ्यांनी दाखवायचं ठरवलं. प्लास्टरचा शनी केला, कलिंगडाएवढा, तारेचं कडं लावलं, पिवळा रंग दिला. देखणा झाला.

संध्याकाळी पाटाच्या पाण्यात तालीम. सोडला. बुडाला. नुसता बुडाला नाही, वाहत जाऊन सेन्योरा ग्रिसेल्दांच्या द्राक्षमळ्याला पाणी सोडायच्या दारात अडकून बसला. आज पाण्याची पाळी त्यांची होती. दीड तास पाणी अडलं. त्या बूट घालून पाटात उतरल्या आणि शनी काढून काठावर ठेवला. म्हणाल्या, “डॉन एवारिस्तो, हे तुमचं का?”

नाकबूल करण्यात अर्थ नव्हता. कड्यावर माझी सही होती.

दोष प्लास्टरचा. सिद्धांत शाबूत आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

कोंपादरेंच्या भाच्याच्या बाप्तिस्म्याचं जेवण. मांस फार मऊ शिजलं होतं, दोनदा घेतलं. मग कोणीतरी विचारलं कुठली शेळी, तर निबाल्दो माझ्याकडे न बघता म्हणाले, “ऱ्हीया.”

चंद्र आठ उरले. तिसऱ्यांदा घेतलं नाही. लगेच तरी नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

वाईट दिवस. यास्नाबाईंकडून कळलं की शनीला चंद्र नऊ नाहीत. दोनशे चौऱ्याहत्तर आहेत. त्यातले एकशे अठ्ठावीस तर याच वर्षी जाहीर झाले. म्हणजे मी सार्डीनवर काम करत असताना.

निबाल्दोंना विचारलं, शेळ्या एकूण किती? म्हणाले, “एकेचाळीस. आणि कोंपादरे, आता पुरे. ती टायटन हाक मारली की तुमच्या घराकडे धावते. दूध काढायचं कसं?”

निश्चय: रोज बारा चंद्र. २२ तारखेपर्यंत सगळे होतील.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

काल बारा पाठ केले. आज त्यातले दोन आठवतायत. अनेकांना नावंच नाहीत, नुसते आकडे आणि अक्षरं, गाडीच्या नंबरप्लेटसारखे. ज्याला आईबापांनी नाव ठेवलं नाही त्याला मी का पाठ करावं? भाषणात ‘आणि इतर’ म्हणायचं ठरवलं. लग्नपत्रिकेत चालतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

पोस्टर केलं. मधोमध शनी, भोवती झगझगीत कडी. वर लिहिलं: ‘शनीची भव्य कडी! स्वतःच्या डोळ्यांनी पाहा! वक्ते: श्री. एवारिस्तो कोदोसेओ.’ यास्नाबाईंनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, कडी थोडी कमी करता आली तर बरं. मी आणखी एक वाढवलं. कलेच्या बाबतीत ऐकून घेत नाही.

पोस्टर बेकरीत लावलं. पुएंते व्हिएहोच्या बेकरीतही लावून आलो. जळू देत.

९ नोव्हेंबर, रविवार

ओर्तेन्सियासमोर पूर्ण भाषणाची तालीम. दोन तास दहा मिनिटं. ती मटार सोलत बसली होती. मध्येच म्हणाली, “कडी कशाची असतात?” मी म्हणालो, प्रश्न शेवटी. शेवटी ती नव्हती. मटारही नव्हते.

नंतर ताटावर बसल्यावर म्हणाली की कडी बहुतेक बर्फाच्या तुकड्यांची असतात, घराएवढे ते वाळूच्या कणाएवढे. कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाली, यास्ना. हल्ली दर गुरुवारी यास्नाबाईंकडे शिवण घेऊन जाते. मला वाटलं होतं, शिवायला.

लिहायला बसलो होतो दुसरंच. सांगून टाकतो. चौतीस वर्षं पिस्को दारूच्या कारखान्यात बाटल्यांवरची लेबलं सरळ आहेत की तिरकी ते बघायचं काम केलं. निवृत्त झाल्यापासून सकाळी उठलं की सरळ करण्यासारखं काही नसतं. गावात लोक विचारतात, एवारिस्तो काय करतो हल्ली, आणि ओर्तेन्सिया सांगते, असतो. गेल्या महिन्यापासून सांगते, शनीचं बघतो. दोन्हींत फरक आहे.

असो. उद्यापासून सार्डीनचा भाग कमी करणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एका आठवड्यावर आलं. सार्डीनमध्ये एक पान वाढलं.

यास्नाबाई घरी आल्या. दारातच म्हणाल्या, “डॉन एवारिस्तो, कड्यांबद्दल मला तुम्हाला सांगायलाच हवं.” मी चहाला बसवलं, आणि त्यांना बोलायला वाव मिळावा म्हणून आधी माझी पान पाचवरची प्रस्तावना वाचून दाखवली. ती संपेपर्यंत त्यांची जायची वेळ झाली. जाताना स्वयंपाकघरात ओर्तेन्सियाशी काहीतरी कुजबुजल्या. शिवणाचंच असणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कोट इस्त्री केला. आवाज बसू नये म्हणून दिवसभर बोललो नाही. ओर्तेन्सिया म्हणाली, शनीचा असाही उपयोग आहे तर.

तिने विचारलं, “उद्या लोक बघायला लागले आणि काही वेगळं दिसलं तर?” मी पाटीवर लिहून उत्तर दिलं: विज्ञानात वेगळं काही नसतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४

तयार. आकाश स्वच्छ. माझ्या आयुष्यातला मोठा दिवस.

२३ नोव्हेंबर, रविवार

लिहायचं नव्हतं.

त्रेसष्ट माणसं आली. पुएंते व्हिएहोचे पण आले, पोस्टर बघून, गाडी भरून. शाळेच्या अंगणात खुर्च्या कमी पडल्या. नऊ वाजता अंधार झाला आणि मी सुरुवात केली. पहिली दहा मिनिटं लोक खिळले होते. पान चौदावर थोडी चुळबूळ. सोळाव्या पानावर मागून कोणीतरी विचारलं, “साहेब, सार्डीन शनीवर सापडते का?” तो आवाज खालच्या गावाचा होता. मी दुर्लक्ष केलं. मग निबाल्दो म्हणाले, “कोंपादरे, मला पहाटे दूध काढायचंय. दाखवा की कडी.”

मी म्हणालो, ठीक आहे, कड्यांची अकरा पानं नंतर. आधी पाहा, मग तुम्हीच ऐकवा म्हणाल. आणि हात उंचावून म्हणालो, विश्वातला सर्वांत मोठा मुकुट. हे वाक्य घरी आरशासमोर चांगलं झालं होतं.

पहिल्या सेन्योरा ग्रिसेल्दा. डोळा लावला. काढून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, “कडी कुठे आहेत?”

दुसरा माणूस म्हणाला, वाटाणा दिसतो. तिसरा म्हणाला, टोचलेला वाटाणा, मधून टाचणी गेलीय.

मी सांगितलं, काच पुसा. यास्नाबाईंनी पुसली. वाटाणाच. मी म्हणालो, चुकीचा ग्रह लागलाय. त्या हळूच म्हणाल्या, नाही. मी म्हणालो, टेलिस्कोप बिघडलाय, पाठवणाऱ्यांनीच बिघडलेला पाठवला. मग असंही म्हणालो की पुएंते व्हिएहोवाल्यांनी काहीतरी केलंय. हे म्हणायला नको होतं. त्यांची माणसं उठायला लागली. आमचीही उठली. सह्यांच्या कागदावर तेव्हा अकरा सह्या होत्या.

माझ्या हातात चौतीस पानं होती आणि एकातही हे नव्हतं. त्या क्षणी मला फक्त खिडकी लावायची होती. अंगणात खिडकी नव्हती.

तेवढ्यात ओर्तेन्सिया पुढे आली. ॲप्रन काढायला विसरली होती. निबाल्दोंच्या डोक्यावरची गवती टोपी काढून घेतली आणि म्हणाली, “जरा बसा. दोन मिनिटं. नंतर जा.”

लोक बसले. का बसले माहीत नाही. माझ्यासाठी बसले नसते.

टोपी तिने उभी धरली, काठ सगळ्यांना दिसेल अशी. “हे काय दिसतंय?” काठ, लोक म्हणाले. “मोठा ना? हीच शनीची कडी. मधला डोक्याचा भाग म्हणजे शनी.” मग टोपी हळूहळू आडवी करत डोळ्यांच्या रेषेत आणली. “आता काठ कुठे गेला?”

लोक माना तिरप्या करून बघायला लागले. मग मागून एक म्हातारी म्हणाली, “अगं, रेघ झाली.”

“रेघ झाली,” ओर्तेन्सिया म्हणाली. “कडी कुठे गेलेली नाहीत. पृथ्वीपासून चंद्र जितका लांब आहे त्याच्या जवळजवळ पाऊणपट त्यांची रुंदी आणि जाडी आपल्या चर्चच्या मनोऱ्याएवढी. दर चौदा-पंधरा वर्षांनी ती आपल्याकडे कड करून उभी राहतात, आणि इतकी पातळ असतात की दिसत नाहीत. उद्या-परवा सगळ्यात पातळ. म्हणजे आज तुम्ही जे बघताय ते पुन्हा बघायला मिळायचं तर कितीतरी वर्षं थांबावं लागेल. भव्य कडी काय, पुढच्या वर्षी कोणीही बघेल.”

मग सगळ्यांना वाटाणाच बघायचा होता. दोनदा-दोनदा रांग लावली. पुएंते व्हिएहोच्या एका माणसाने तीनदा. यास्नाबाई प्रत्येकाला शेजारचा बारीक ठिपका दाखवत होत्या: तो टायटन, ज्याच्यावर पाण्याऐवजी द्रवरूप गॅसची तळी आहेत. निबाल्दो म्हणाले, “माझी टायटन त्याहून मोठी आहे.” लोक पोट धरून हसले. ओर्तेन्सियासुद्धा.

सह्या: अठ्ठावन्न. टेलिस्कोप राहिला.

घरी येताना तिला विचारलं, तुला माहीत होतं तर मला का सांगितलं नाहीस. म्हणाली, “चार वेळा सांगितलं. तू प्रश्न शेवटी म्हणालास.”

२४ नोव्हेंबर, सोमवार

ग्रिसेल्दाबाईंनी दर शनिवारी कार्यक्रम ठेवायचं ठरवलंय. बोलणार ओर्तेन्सिया. वक्तेपदाचा राजीनामा लिहून त्यांच्याकडे नेला. त्या म्हणाल्या, राजीनामा कशाचा? मग म्हणाल्या, खुर्च्या मांडायला आणि रांग बघायला माणूस हवाय.

विचार करून सांगतो म्हणालो. दारातून परत फिरून हो सांगितलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

खुर्च्यांचा आराखडा तयार, सहा पानं. रांगेचा नियमही केला: एका माणसाला पंधरा सेकंद, ओळख-पाळख चालणार नाही. मोजायला स्वयंपाकघरातलं अंड्याचं घड्याळ घेतलं. कुठल्याही कार्यक्रमाचा खरा कणा व्यवस्था असतो, वक्ता नव्हे. हे पूर्वी कोणी नीट मांडलेलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ओर्तेन्सियाचा दुसरा कार्यक्रम. सत्तर माणसं. खुर्च्या सरळ लागल्या होत्या, दोरी धरून लावल्या. तीन जणांनी तसं बोलून दाखवलं. एकाने नुसतं बघितलं, पण बघण्यात ते होतं.

ती चांगलं बोलते. कागद घेत नाही. सार्डीनचा उल्लेख नाही, तरी काही बिघडलं नाही.

रांग ओसरत आली तेव्हा यास्नाबाई म्हणाल्या, “डॉन एवारिस्तो, तुम्ही अजून एकदाही बघितलं नाहीत.” मी तत्त्वाची गोष्ट सांगायला तोंड उघडलं. मग उघडलेलं तोंड मिटलं आणि टेलिस्कोपापाशी गेलो. आधी उजवा डोळा लावला तर माझीच पापणी दिसली. मग डावा.

तो तिथे होता. पिवळट, गोल, अगदी स्थिर. दोन्ही बाजूंना केसाएवढी रेघ, आणि ती सरळ होती. चौतीस वर्षांत इतकं सरळ काही पाहिलं नाही. जरा बाजूला तो ठिपका. त्याला काय म्हणायचं तेही क्षणभर सुचलं नाही. नुसता बघत राहिलो. नाकातून पाणी यायला लागलं, संध्याकाळी गारठा असतो.

घड्याळ वाजलं. “म्हाताऱ्या,” ओर्तेन्सिया मागून म्हणाली, “चल पुढे. लोक खोळंबलेत.”

मी सांगून पाहिलं की नियम माझाच आहे. ती म्हणाली, म्हणूनच.

रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहिलो. माझ्या पुढे एकोणीस माणसं होती.